पाणसळ

हमरियातल्या किराणा दुकानाचं शटर
अर्धंच वर केलेलं होतं.
मी दह्याचा डबा घेऊन वळलो, इतकंच.
लोखंडाची कड, कपाळाच्या वर, केसांत.
रक्त नाही. सुपारीएवढं टेंगूळ.
दुकानातला कुंजाली म्हणाला, बर्फ लावा,
आणि डब्याचे पैसे घेतले नाहीत.

टेंगूळ चौथ्या दिवशी बसलं.
सात महिने झाले,
जमीन अजून बसलेली नाही.

डॉक्टर इजिप्तचा. सभ्य माणूस.
विचारतो: खोली फिरते की तुम्ही फिरता?
मी गप्प.
घेरी येते उपाशीपोटी, भोवळ येते उन्हात,
अंधारी येते झटकन उठल्यावर.
एवढे शब्द घेऊन मी त्याच्यासमोर बसलेला,
आणि हे त्यातलं एकही नाही.
हे म्हणजे धोपाव्याच्या तरीतून उतरून
धक्क्यावर टाकलेली पहिली दोन पावलं.
तीच दोन. सकाळपासून रात्रीपर्यंत.
मी म्हटलं, बोट.
त्यानं काहीतरी लिहिलं,
ते बोटीपेक्षा बरंच लांब होतं.

मेंदू नॉर्मल. कान नॉर्मल. मान नॉर्मल.
फक्त डी जीवनसत्त्व कमी,
एवढ्या उन्हाच्या देशात.
रिपोर्टांची पिशवी जसजशी फुगत गेली
तसतसा मी खोटा पडत गेलो.
ऑफिसात साहेबांनी ती चाळली,
म्हणाले, मग चांगलंच आहे की, काहीच नाही!

माझं काम फरशीचं. एकवीस वर्षं.
बौशरचे व्हिले, रुवीतल्या बँकेची लॉबी,
आणि एका शेखाच्या घोड्यांचा तबेला, तोसुद्धा ग्रॅनाइटचा.
इथे सगळे लेव्हल म्हणतात.
पाणसळ हा शब्द बापाचा, तो मी मनातच वापरतो.
पिवळी, दोन फुटी, नळीत हिरवं पाणी,
पाण्यात बुडबुडा.
तो दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबेपर्यंत
श्वास रोखायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता बुडबुडा मध्ये असतो
आणि माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.
बघ रे, मी मोतालेबला म्हणतो, बरोबर आहे?
पूर्वी हसायचा. पाच वर्षं माझ्या हाताखाली आहे.
आता गुडघे टेकून नीट बघतो,
ठीक आछे म्हणतो,
आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाही.
शिडीवर हल्ली तोच आधी चढतो.
आमचं तसं काही ठरलेलं नाही.

शुक्रवारी मत्रहला जातो, कठड्याला धरून बसतो.
मासेमारीच्या होड्या, जुनी गलबतं,
सगळं पाण्यावर वरखाली.
तिथे जरा बरं वाटतं.
तेवढा तासभर तरी
जे हलतंय ते खरंच हलतंय.
नंतर टॅक्सी, वळणं,
खिशातली आल्याची वडी.

व्हिसा मार्चमध्ये संपतो.
हे घरी माहीत आहे. बाकीचं नाही.

काल स्मितलनं नवं स्वयंपाकघर दाखवलं,
फोन हातात घेऊन चालत चालत.
ओटा, खिडकी, छप्पर, पुन्हा ओटा.
मी डोळे मिटून घेतले.
दिसतंय ना?
दिसतंय. मोरीला उतार चांगला दिलाय.
ती थांबली.
मोरी अजून दाखवलीच नाही, म्हणाली.

मग फोन कशाला तरी टेकवून ठेवल्याचा आवाज.
डोळे उघडले तर ती समोर, पाटावर बसलेली,
हात मांडीवर, फोटो काढायला बसतात तशी.
कधीपासून?
सात महिने.
तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.
मग दुसरी.
तिसरीलाही ती हलली नाही.