पेटी सतरा

वागद्याच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
पेट्या रचल्यात माणसाच्या उंचीच्या.
प्रत्येकीत पाच रांगा, रांगेत दगडाच्या कांड्या,
जमिनीतून उसासारख्या सोलून काढलेल्या.
भिकाजी घाडी किल्लीला खोबरेल चाटवतो.
"सतराक वास मारता," म्हणतो, "कुसक्या अंड्याचो.
पंचवीस वर्सां झाली, अजून कुसताच आसा."

गंधक आहे, लोखंडाशी बांधलेलं,
खाऱ्या हवेत सुटत चाललंय.
फळीला पिवळी भुकटी फुटलीय,
बोटाने दाबली तर पापडासारखी मोडते.

बासष्ट मीटर, चाळीस सेंटिमीटर.
काळ्या-पितळी पट्ट्यांत केसाएवढी हिरवी रेघ,
पुढे बोटभर रुंद झालेली,
खवल्याखवल्यांची.
जुन्या वहीत नोंद: हिरवे. शेवाळ?
अक्षर भिकाजीचं.

"दर साल गणपतीआधी घासतंय.
काथ्यान, राख लावन.
गडग्यावरचा शेवाळ दिवाळीपर्यंत सुकता,
ह्या काय जाणा नाय."

मी भिंग त्याच्या हातात देते.
कसं सांगावं,
की हा खडक एकदा फार खोल गेला होता,
दगडाला लुगड्यासारखी घडी पडते तिथे,
आणि सगळं पुन्हा शिजलं.
गंधकाने लोखंड घेतलं, तांबं घेतलं,
हाताला लागेल ते घेतलं.
क्रोम त्या पंगतीला बसलं नाही.
शेजारच्या अभ्रकात,
ॲल्युमिनियमच्या जागेत,
पोटभाडेकरू म्हणून राहिलं
आणि हिरवं झालं.

एवढंच म्हणते, "शेवाळ नाही, काका. क्रोम."
"सायकलीच्या हँडलाचा?"
"तेच."
"ता तर चांदीसारख्या असता."

हायवेवर ट्रक हॉर्न देत जातो.
भिंगामागे त्याचा डोळा केवढा तरी झालाय,
ओला, शिरांसकट.
बराच वेळ.
मग म्हणतो,
"म्हंजे माझो काथ्यो फुकट गेलो."

फुकट कसा?
कांडीची ती बाजू आरशासारखी झालीय.
आमच्या लॅबमध्ये अख्खी दुपार गेली असती.
पण अहवालात काथ्याला रकाना नाही.
तिथे मी लिहीन:
क्रोमयुक्त अभ्रक, तुरळक. उपयोग नाही.

तो वही ओढून घेतो,
'शेवाळ' खोडतो,
प्रश्नचिन्ह राहू देतो.
"धरा ता टोक," म्हणतो, "खालची फळी गेली."