दहावी खुर्ची

आमची मंडळी म्हात्र्यांच्या हॉलमध्ये जमते,
दर रविवारी, दहा ते बारा.
सव्वाबाराला कुणाच्या तरी साखरपुड्याचा बँड
जिन्याखाली येऊन उभा राहतो,
म्हणून पाळकसाहेब आशीर्वाद जरा घाईने देतात.
गावाचं नाव दिवा.
ऐरोलीच्या टॉवरांनी चहूकडून वेढलंय,
तरी नाव दिवाच.

खुर्च्या मांडायचं काम माझं.
लाल, प्लास्टिकच्या. ऐंशी. वर एक नाही.
नाडी मोजावी तशी मोजते मी,
मनात, ओठ न हलवता.
चौतीस वर्षं वाशीच्या हॉस्पिटलात सिस्टर होते.
लग्न का नाही केलं, विचारलं कुणी
तर सांगते, ड्यूटी होती.
प्रार्थनेतही स्वतःसाठी काही मागत नाही.
ड्यूटीवर कुणी स्वतःला सलाइन लावतं का?

चौथी ओळ, खिडकीकडे, शलमोन भिंगारदिवे.
रबाळ्याच्या कारखान्यातून निवृत्त,
उजवी करंगळी तिथल्या यंत्राला देऊन आलेले.
त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी.
म्हणजे तिच्यावर विमलबाईंचं बायबल
आणि बायबलावर विमलबाईंची चष्म्याची डबी.
चार वर्षं झाली त्यांना जाऊन.
ती खुर्ची कुणी मागत नाही.
मोजताना मीही ती भरलेलीच धरते.

उपासना संपली की ते थांबतात थप्प्या लावायला.
त्यांची थप्पी नऊची.
नवव्या खुर्चीशी हात आखडतो,
चार बोटांची पकड पुरत नसावी,
मग दहावी मी उचलून वर ठेवते.
बोलणं नाही. फार तर,
"गुडघा कसाय?"
"आहे."
याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.
मी याला रविवार म्हणत आले.

नाताळची आदली रात्र.
दिवाळीतला उरलेला कंदील, निम्म्या किमतीत आणलेला,
'शुभ दीपावली' नखाने खरवडून
पोरांनी त्याचा तारा केला.
गव्हाणीत साळव्यांचं सात महिन्यांचं बाळ.
नगरहून, जालन्याहून पाहुणे आलेले,
शेजारच्या कोळणीही येऊन बसल्या,
बाळ बघायचं होतं त्यांना.
ऐंशी खुर्च्या आणि एक्याऐंशी माणसं.
एक्याऐंशीवी मी,
दाराशी, गीतांची पुस्तकं छातीशी धरून,
पाय सुजलेले.

तिसऱ्या कडव्यावर भिंगारदिवे उठले.
चष्म्याची डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली,
बायबल काखेत घेतलं,
रुमालाने खुर्ची पुसली. दोनदा.
"सिस्टर, बसा."

चौथी ओळ शब्द विसरली.
मग पाचवी.
पेटी एकटीच वाजत राहिली
आणि गव्हाणीतल्या बाळाने सूर लावला.

मी हळूच म्हटलं, "ही जागा विमलबाईंची."
"विचारलंय तिला."
"कधी?"
"सकाळी. करंज्या तळताना."
"काय म्हणाल्या?"
"बोलली नाही काही.
पण एकही करंजी फुटली नाही."

बसले.
खुर्ची म्हणजे खुर्चीच होती, जरा डुगडुगती.
पाळकसाहेब म्हणाले, डोळे मिटू या.
मी मिटले नाहीत.
त्यांच्या मांडीवर बायबल उघडं होतं,
कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात
'खसखस, पाव किलो खोबरं, शलमोनची बटणं'.
आणि देवा,
त्या वेळी मी पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं.
काय, ते तुला ठाऊक आहे.

साडेबाराला हॉल रिकामा करायचा होता.
थप्पी नवापर्यंत आली,
मी सवयीने पुढे झाले,
तर त्यांनी दहावी उचलली,
एका हाताने, अलगद,
आणि नीट बसवली.

"चार बोटांनी उचलता येते?"
"येते की."
"मग इतकी वर्षं?"

ते स्टुलावर चढून
ताऱ्याची वायर सोडवत होते,
बराच वेळ सोडवत होते,
आणि गाठ मला तरी कुठे दिसत नव्हती.