खडा

इतोकोचा ओढा काळा वाहतो,
पाटीच्या धुवणासारखा.
डोंगराने काहीतरी लिहून ठेवलं होतं
आणि कोणीतरी रोज पहाटे ते पुसतंय.

ओतिलिया त्यात गुडघाभर उभी.
वय अडुसष्ट, हातात फावडं,
पायात मेलेल्या दिराचे रबरी बूट,
डावा गळका.
खाणीच्या पोटात बायांना मज्जाव होता.
बाई उतरली की खडे लपून बसतात म्हणे.
मग बायांच्या वाट्याला खाणीने ओकलेलं:
चिखल, काळ्या ठिकऱ्या,
आणि वर्षा-दोन वर्षांतून
एखाद्या ठिकरीच्या फटीत हिरवं.
असं हिरवं की
आधी डोळे निवतात,
मग पोटात खड्डा पडतो.

याच हिरव्यासाठी घोड्यांवरून आले होते
लोखंडात शिवलेले लोक.
इथल्यांनी वीसेक वर्षं वाट सांगितली नाही.
मग सांगितली,
किंवा न सांगणारेच उरले नाहीत.
गलबतं भरली. काही बुडाली,
ती अजून तळाशी आहेत.
बाकीची पोचली लांब,
कोणा बादशहाच्या दंडावर, कोणा राणीच्या गळ्यात.
तिकडे म्हणत, पाचू विष उतरवतो,
सापाचे डोळे फोडतो,
माणसाची नजर शांत करतो.
इतोकोवर कोणाची नजर शांत झाल्याचं
ओतिलियाच्या ऐकिवात नाही.
दीर गेला तो शेजारच्या टेकडीवाल्यांच्या गोळीने.
त्याच्या खिशात सापडलं ते
बाटलीच्या काचेचं निघालं.

तिला मिळाला एकदाच.
करंगळीच्या नखाएवढा, सहा अंगांचा.
पुढे चौकी. झडती. केसांतसुद्धा बोटं.
हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं
सगळी वस्ती म्हणे.
त्या तोंडात तिने खडा ठेवला
तीन तास, डाव्या दाढेमागे.
शिपायाने विचारलं, दाढ दुखते काय गं?
तिने मान हलवली.
रात्री पांढऱ्या हॅटच्या दलालाने
तो दिव्यापुढे धरला, हं हं केलं,
आतल्या भेगांचे पैसे कापले.
उरल्यात पत्र्याचं छप्पर आलं, एक खेचर आलं.
खेचर पुढच्याच वर्षी दरीत गेलं.

बहिणीची लेक निदिया बोगोतात पैलू पाडते.
चौथ्या मजल्यावर, पिवळ्या दिव्याखाली
भिंग सरकवत म्हणाली, मावशी, बघ.
निर्दोष पाचू शोधूच नये. निर्दोष दिसला
तर आधी काच समजावी.
आत धागे, भेगा, शेवाळ.
याला बाजारात बाग म्हणतात,
आणि तेल पाजून तीच झाकतात.

ओतिलियाने एक डोळा मिटला.
बागेत एक पोकळी, करवतीसारख्या काठांची.
पोकळीत पाणी.
पाण्यात बुडबुडा, दगड कलला की हलणारा.
आणि त्याच्या कुशीला
नितळ, चौकोनी काहीतरी.

हे काय?
समुद्र, निदिया म्हणाली. डोंगर व्हायच्या आधीचा.
आणि ते चौकोनी?
मीठ.

ओतिलियाने समुद्र पाहिलेला नाही.
आधी बसचं भाडं नव्हतं, मग गुडघे नव्हते.
ती भिंगाला चिकटून राहिली
खालच्या रस्त्यावर दलालांचा गलका ओसरेपर्यंत.
मग जीभ सावकाश मागे नेली, डावीकडे,
जिथे आता दाढही नाही.

चव नव्हती त्याला काही, ती म्हणाली.
गार होता, बस.

जिना उतरताना चौथ्या पायरीवर थांबली,
कठडा धरून, एकदम चिडून:
त्या हॅटवाल्याकडून
मी मिठाचे पैसे घेतलेच नाहीत.