शिवण

माझ्या नावामागे सहा बिन आहेत.
मुझना बिन्त सईद बिन अवद बिन यस्लम,
इथवर एका श्वासात जाता येतं,
मग थांबून
बिन मुबारक बिन सालमीन
बिन फरज बिन उमर.

सातवीत बाईंनी विचारलं, बिन म्हणजे काय गं?
मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं,
बिन म्हणजे शिवाय, बाई.
बिनसाखरेचा चहा. बिनकामाचा माणूस.
वर्ग हसला. मीही हसले.
घरी येऊन सांगितलं तेव्हा अब्बा खळ ढवळत होते.
म्हणाले, गलत नहीं बोली.
सालमीन इथं आला, तो फरजशिवायच आला.

सालमीन मालेगावच्या किल्ल्यावर पगारी शिपाई.
किल्ला पडला, अरबांना जहाजांवर चढवलं म्हणतात.
एक चढला नाही.
नाशकात तो कसा पोचला, यावर घरात एकमत नाही.
आत्या म्हणते, कापसाच्या गाडीत लपून.
काका म्हणतो, लपून कशाला? घोड्यावर.

त्याचं गाव वादी दोआन.
मला कितीतरी वर्षं ते वाडी ऐकू यायचं.
सिन्नरच्या पुढं, फाट्यावर एसटीतून उतरून
चालत जायची एखादी वाडी.
सुट्टीत आपण तिथं का जात नाही
म्हणून मी रुसून बसायची.

त्याच्या जंबियाचं पातं यस्लमनं प्लेगच्या साली विकलं.
मूठ उरली, शिंगाची.
कुठल्या जनावराचं शिंग, यावर दोन ईदी वाया गेल्या.
अब्बा त्या मुठीनं कागदाची घडी दाबतात.

दूध बाजारामागं सहा बाय आठचं दुकान,
बाइंडिंगचं, दादांपासून.
वकिलांच्या फायली येतात, मदरशाची सिपारे येतात,
आणि रामकुंडावरच्या उपाध्यांचे चोपडे,
लांबोडके, लाल कापडातले, उंदरांनी कुरतडलेले.
कोण कुठल्या गावाहून आलं, कोणाची अस्थी घेऊन आलं,
बाप, आजा, पणजा, चुलते,
अर्धं मोडीत, शाई तपकिरी झालेली.
अख्ख्या मुलखाचे पूर्वज
आमच्या फळीवर वजनाखाली सुकत पडलेले असतात.
आमचे सोडून.

अब्बांना मोडी कोणी शिकवली नाही.
सुटी पानं क्रमानं लावता लावता येत गेली.

मागच्या पौषात ते एका पानावर थांबले.
मला हाक मारली.
मुठीचं टोक ओळीखाली धरून वाचलं:
विठोजी, त्याचे पुत्र तीन.
पुढं तिघांची नावं, ठसठशीत.
आणि अगदी कडेला, समासात, मुंगीएवढ्या अक्षरात
कन्या एक. अरबाचे घरीं गेली.

मी विचारलं, आपली?
अब्बा म्हणाले, अरब बहोत थे.

मुबारकची आई कोण, असं विचारलं
की आमच्याकडे एकच शब्द मिळतो. दखनी.
तेवढंच. जसं काही एखाद्या वाऱ्याचं नाव.
इकडच्या यादीत ती नाही,
तिकडच्या यादीत नावाशिवाय.
माझी सगळी वंशावळ बिनबायांची,
आणि मी ती पाठ म्हणून बक्षीस मिळवलेलं.

हल्ली म्हणताना मी मुबारकपाशी थांबते.
श्वास असतो, तरी.

चोपड्याच्या कडा छाटायच्या ठरल्या होत्या.
यंत्राखाली तो समास गेला असता,
बोटभर कागद, पायाशी कचऱ्यात.
अब्बांनी तीन बाजू छाटल्या.
दोरा मेणातून दोनदा ओढला,
ते पान मधोमध घेऊन शिवलं.

उपाध्ये न्यायला आले, अंगठ्यानं कडा चाचपली.
चाऊस, ही बाजू ओबडधोबड कशी राहिली?
कागद नाजूक होता, महाराज,
अब्बा म्हणाले,
आणि ठरल्यापेक्षा चाळीस रुपये कमी घेतले.