चौथ्या भागातला कोट

टेकडीवर मालिकेवाले आले तेव्हा
उणे सत्तावीस होतं.
त्यांना धूर हवा होता.
आमचा चालेना,
कॅमेऱ्यात नुसतंच मळकट दिसतं, म्हणे.
मग उलानबातरच्या खालच्या भागातून
धुराचं यंत्र आलं,
आणि तुगुलदुर, माझा भाऊ, वय वर्षं नऊ,
दोन दिवस त्या यंत्रामागे हिंडला,
कारण त्या धुरानं खोकला येत नव्हता.

नटी माझ्याच वयाची.
तिच्या गालाला काजळी लावायला एक बाई,
पुसायला दुसरी.
पण तिचा कोट फार नवा निघाला.
दिग्दर्शक माझ्याकडे बघत राहिला,
म्हणजे माझ्या कोटाकडे.
कोपर उसवलेलं,
खिशाला आईनं घातलेले हिरवे टाके.
चाळीस हजार तुगरिक, तो म्हणाला.
आईनं मान हलवली. तिचा हिशोब
पोत्यांत होतो, कोळशाच्या,
तो तिनं आधीच करून ठेवला होता.

एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही.
तो कोट दोघांचा होता.
सकाळची शाळा तुगुलदुरची, दुपारची माझी.
पाण्याच्या टपरीशी आम्ही भेटायचो,
तो कोट काढायचा, मी घालायची,
आणि तो आईच्या शालीत गुंडाळून
घरापर्यंत सुसाट पळायचा.
आत त्याची ऊब असायची
चढावाच्या अर्ध्यापर्यंत पुरणारी.
खिशात कधी कधी आरूल,
वाळवलेल्या दह्याचा खडा,
एका बाजूनं चाटलेला.
शिल्लक ठेवायचा माझ्यासाठी.

मार्चमध्ये मालिका लागली.
न्यामसुरेन आजीच्या नमद्याच्या घरात
अकरा माणसं, एक टीव्ही.
पहिल्या भागात कुणी हसलं नाही.
दुसऱ्यातही नाही.
तुगुलदुरनं विचारलं,
यांच्याकडे हसायला पैसे पडतात का?
आजी म्हणाली, गप, त्यांचा बाप मेलाय.
आमचाही मेलाय, तो म्हणाला,
आणि खदखदून हसला.

चौथ्या भागात ती टपरीशी उभी राहून रडते.
संगीत वाजतं. रुमाल हवा म्हणून
ती खिशात हात घालते
आणि हात बाहेर येतो तो
आरूल घेऊन.
क्षणभर तिला काहीच सुचत नाही.
रडणं गालावर तसंच थांबलेलं.
मग ती तो खडा तोंडात टाकते,
आंबट लागून डोळे मिचकावते,
आणि हे त्यांनी
कापलं नाही.

माझं आरूल! तुगुलदुर ओरडला,
चोर! ताईसाठी ठेवलेलं ते!
अकराच्या अकरा जण हसून आडवे,
आजीच्या चहाचं भांडं कलंडलं.
मी हसले नाही.
म्हणजे, नंतर हसले.

पुढे तिला शिष्यवृत्ती मिळाली, असं म्हणतात,
का ती परदेशी गेली.
आम्हाला उठावं लागलं.
टपरी सातला बंद होते,
आणि घरात पाण्याचे दोन्ही डबे
रिकामे होते.