अर्ध्या तासाची बोली

सूरच्या धक्क्यावर पहाटे सुरमईचा लिलाव होतो.
खलफान मुखैनीच्या मागे उभा राहून मी ऐकतो.
तिथे दर टोपलीला वेगळा भाव.
आमच्याकडे तसं नाही.

आमच्याकडे दिवसाचे अठ्ठेचाळीस तुकडे,
दर तुकड्याला एक बोली,
आदल्या दिवशीच पाठवायची.
स्वस्तातला आधी घेतात, मग त्याहून महाग,
गरज भागेपर्यंत.
शेवटी जो कसाबसा आत शिरतो
त्याचाच भाव सगळ्यांना.
पंगतीत शेवटी बसलेला ठरवतो
पहिल्याच्या पानात काय पडणार.

करार होता तेव्हा बरं होतं.
यंत्र फिरो न फिरो, उभं राहण्याचे पैसे.
घरजावयासारखं लोळायचं.
आता भर दुपारी वाळवंटातल्या काचा
शून्याची बोली लावतात,
ऊन काय, फुकटच.
आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.
मगरिबची बांग झाली की मात्र
आम्हीही जरा भाव खातो.

जुलैतली ती संध्याकाळ. एकोणपन्नास अंश,
वर किनाऱ्यावरचं एक केंद्र अचानक बंद.
थरकन साहेब खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाले,
"पेडणेकर, दोन नंबरला जरा ताप आहे ना?"

ताप नव्हता.
दोन नंबर आजारी पडलं असतं
तर पंगतीत शेवटी डिझेलवाला बसला असता,
आणि एक नंबरने एकट्याने
दोघांचं कमावलं असतं.

मी पडद्याकडे बघत राहिलो.
नियमाचं पुस्तक कपाटात होतं, कुलपात.
पण यंत्राच्या अंगातला ताप
तारेतून थेट मस्कतला जातो,
तिथे कोणी तरी बसलेलं असतं, विचारायला.
मी लिहिलं: दोन नंबर तयार.
साहेब काही बोलले नाहीत. चहा मागवला, एकच कप.

भाव होता तिथेच थांबला.
गावात कोणाला काही कळलं नाही,
खलफानच्या आईचं बिल तेवढंच,
कामगारांच्या खोलीतला एसी
नेहमीसारखाच खडखडत राहिला.
हा प्रामाणिकपणा माझा की त्या तारेचा,
अजून ठरवता आलेलं नाही.

पहाटे पुन्हा धक्क्यावर गेलो.
ओल्या गोणपाटाखाली दोन टोपल्या,
भावाने झाकलेल्या, म्हणजे खलफानच्या भावाने.
"गर्दी वाढू दे," तो डोळा मिचकावत म्हणाला.
मी मान डोलावली,
आणि गोणपाटाखालून बाहेर आलेली
एक चंदेरी शेपटी
पायाने आत ढकलली.