चौथा बिछाना

पुण्याला समुद्र नाही.
म्हणून तर आम्ही चौघींनी अठरा महिने भिशी लावली,
आणि निघायला नऊ दिवस उरले असताना
मी तळजाईवर, कोरड्या सपाट वाटेवर
(चढावर पडले असते तर सांगायला तरी बरं)
घोटा मोडून घेतला.

पैसे परत मिळत नाहीत.
शरयूनं कंपनीला तीनदा फोन केला,
चौथा केला तो निव्वळ तत्त्वासाठी.
तेव्हा माझं नाव यादीत राहिलं,
केबिन सातशे चौदा, खिडकीकडचा बिछाना,
आणि मी राहिले बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर,
पाय स्टुलावर, स्टुलावर उशी,
उशीच्या कडेला फोन.

पहिल्या संध्याकाळी तो गप्प बसला नाही.
लाइफ जॅकेट घातलेल्या तिघी,
नारिंगी, फुगलेल्या, भोंडल्याला उभ्या राहिल्यासारख्या.
यास्मिननं जॅकेटची शिट्टी खरंच वाजवली.
तिथला पोरगा म्हणाला, मॅडम, ती बुडतानाची आहे.
मग जेवण. गोडाचेच अकरा प्रकार,
वृंदानं अकराही खाल्ले आणि रात्री
"साखरेची गोळी घेतली का गं मी?" असं मलाच विचारलं,
जणू डबी माझ्या पर्समध्ये आहे.
मग मुंबईचे दिवे, बारीक, अजून बारीक,
मग एक फोटो नुसता काळा.
खाली लिहिलेलं: हा समुद्र.

त्यानंतर काही नाही.

जहाजावरच्या वायफायचा दर शरयूनं आधीच कळवला होता,
तीन उद्गारचिन्हांसकट.
म्हणजे ते घेणं शक्यच नव्हतं.

नोकरीची पहिली बारा वर्षं आम्ही चौघी एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडसेट, हातात दोऱ्या,
लोकांना लोकांशी जोडत बसलो.
सांगली, बोला. नाशिक, मोठ्यानं बोला.
मुलगा झाला. पास झाली. गेले.
'गेले' आम्ही घरच्यांच्याही आधी ऐकायचो
आणि तरी विचारायचो, तीन मिनिटं झाली, वाढवू?
आता त्या तिघी रेंजच्या बाहेर
आणि मी बोर्डावर एकटी.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची टाकी भरून वाहिली.
नवा वॉचमन सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला.
मी कुबडी टेकत दारापर्यंत गेले.
पायरीवरून पायरीवर, कुणाच्याही चपला न चुकवता,
सावकाश उतरत होतं पाणी.
इतकं बरं वाटायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी कोची.
सकाळी सव्वानऊला फोन थरथरत सरकत
स्टुलाच्या टोकाशी गेला.
त्रेसष्ट निरोप, उलटसुलट:
आधी 'आता बरी आहे', बऱ्याच खाली 'वृंदाला उलट्या'.
आधी भांडण मिटलं, मग झालं.
(खिडकीचा पडदा. शरयू. अर्थात.)
यास्मिनला तंबोल्यात छत्री मिळाली.
आणि मग माझा बिछाना.
ताणलेली चादर, मधोमध टॉवेलचा हत्ती, सोंड वर.
दुसऱ्या रात्रीच्या फोटोत हत्तीशेजारी हंस.
यादीत नाव आहे म्हणून तो पोरगा रोज करून जातो.
या म्हणतात, ती नाही आली.
तो म्हणतो, येतील.
'मोडवत नाही गं,' वृंदानं लिहिलंय,
'बॅगा आम्ही खालीच ठेवतो.'

सगळ्यात शेवटी शरयूचा निरोप, त्यात शब्दच नाहीत.
एक मिनिट चाळीस सेकंद नुसता वारा.
बहुतेक चुकून बटण दाबलं गेलं असणार.
पण हा आवाज माझ्या ओळखीचा.
रात्रपाळीला रत्नागिरी लागायच्या आधी
तारेतून हाच यायचा.
त्यावर आम्ही बोलायचो नाही,
थांबायचो.

संपला, तेव्हा मी परत लावला.
मधेच खाली रद्दीवाला ओरडून गेला,
तरी कान काढला नाही.